जेडला कुणी ध्रुवावर नेऊन ठेवलं नव्हतं

चतुर्थीपासून आमच्या वास्कोत एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोय. जेड हेमिस्टर या ऑस्ट्रेलियन मुलीचा फोटो आणि खाली ओळी: 'हिला विमानाने ध्रुवावर नेऊन सोडलं, तेही बापाच्या पैशावर. यात पराक्रम कसला? उकाड्यात वाढलेल्या आपल्या मुलांना, त्यात मुलींना, असली वेडं लावू नका.' माझ्या ताईने तो आपल्या चौदा वर्षांच्या लेकीला वाचायला दिला. भाची तेव्हापासून ट्रेकचं नाव काढत नाही. म्हणून लिहिते आहे.

आधी विमान. उत्तर ध्रुवाकडे स्कीवर, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत, जाणारे बहुतेक जण विमानानेच बर्फावर उतरतात, हे खरं. पण कुठे उतरतात? बरेच जण शेवटचा एक अक्षांश, म्हणजे साधारण १११ किलोमीटर, चालतात. जेड २०१६ मध्ये त्याहून लांबून निघाली आणि सुमारे १५० किलोमीटर स्कीवर गेली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. शिवाय तिथे पायाखाली जमीन नसते, समुद्रावर तरंगणारा बर्फ असतो. तो सतत वाहतो. दिवसभर घसरगाडी ओढून तंबूत झोपावं आणि सकाळी उठून पाहावं तर बर्फाने आपल्याला मागे नेलेलं, असं तिथे होतं. मध्येच बर्फ फाटून काळं पाणी उघडं पडतं, मग वळसा घालायचा. चाललेलं अंतरही पदरात पडेल याची खात्री नाही, तिथे 'नेऊन सोडलं' हा शब्द मला फार लागतो.

पुढच्या वर्षी तिने ग्रीनलँड आडवं पार केलं, सुमारे ५५० किलोमीटर. जानेवारी २०१८ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती दक्षिण ध्रुवावर पोचली: कॅन्सस हिमनदीवरून, आधी कुणी न गेलेल्या वाटेने, ३७ दिवसांत. वाटेत नवी रसद नाही, कुत्रे नाहीत, यंत्र नाही.

पैसा लागला, हे मी नाकारत नाही. वडील स्वतः गिर्यारोहक, ते सोबत होते, अनुभवी वाटाड्या होता. ही सोय प्रत्येक घरात नसते. पण पैशाविना वाटच नाही, हेही खोटं. तेलंगणातली मालावत पूर्णा शेतमजुराच्या घरातली, सरकारी निवासी शाळेत शिकलेली. २५ मे २०१४ ला ती एव्हरेस्टवर होती आणि चौदा पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. तिचा खर्च सरकारने केला. आपणही सरकारकडे तेच मागायला हवं.

उकाड्याची सबब तर गोव्यात कुणी सांगूच नये. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला याच मुरगावहून निघाली. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आपल्या हेडलँड सड्यावर आहे. ध्रुवाची तयारी करणारे कमरेला दोर बांधून वाळूत टायर ओढतात; त्याला बर्फ लागत नाही.

आणि मुली? दोना पावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत १९८३-८४ मध्येच अंटार्क्टिकाला जाऊन आल्या. रीना कौशल धर्मशक्तू २००९ मध्ये स्कीवरून दक्षिण ध्रुवावर पोचल्या. इंटरनेटवर जेडच्या एका भाषणाखाली कित्येकांनी लिहिलं होतं, 'मला सँडविच करून दे', म्हणजे बाईची जागा स्वयंपाकघरात. तिने दक्षिण ध्रुवावर सँडविच केलं, फोटो काढला आणि सांगितलं: ३७ दिवस, ६०० किलोमीटर स्की करत या आणि खा.

ताई, मजकूर पाठवणाऱ्याला निदान तो विमानाचा भाग दुरुस्त करायला सांग. रविवारी सकाळी मी तुझ्या बाळीला बायन्याच्या वाळूवर घेऊन जाते. गॅरेजवाल्याकडून जुना टायर आणून ठेवलाय, दोर तेवढा तुझ्या माळ्यावरचा काढून दे.