स्वतंत्र मंत्रालयाने माजी सैनिकाची फाईल हलेल?

माजी सैनिकांसाठी केंद्रात स्वतंत्र मंत्रालय हवं, ही मागणी काही नवी नाही. सध्या संरक्षण मंत्रालयात २००४ साली सुरू झालेला माजी सैनिक कल्याण विभाग आहे, पण त्याचा मंत्री म्हणजे संरक्षणमंत्रीच. विमानखरेदी, सीमा आणि विधवेची पेन्शन, सगळं एकाच टेबलावर. मग परदेशाकडे बोट दाखवलं जातं: बघा, तिकडे वेगळा मंत्री असतो. ऑस्ट्रेलियात राहून हा वाद वाचताना मात्र वाटतं की आपण खुर्ची मागतोय आणि मागायचं भलतंच काहीतरी राहून जातंय.

इथे असा मंत्री १९१७ पासून आहे. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्यांसाठी सिनेटर एडवर्ड मिलन यांना हे खातं दिलं गेलं. शंभर वर्षांनी काय स्थिती होती? सैनिकांच्या आत्महत्यांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने ऑगस्ट २०२२च्या अंतरिम अहवालात नोंदवलं की सैनिकांचे भरपाईसाठीचे सुमारे ४२ हजार दावे कुणी उघडूनही पाहिलेले नाहीत. कारणं रुक्ष होती. १९८६, १९८८ आणि २००४ असे तीन वेगवेगळे कायदे, त्यामुळे एकाच माणसाचा गुडघा एका कायद्यात आणि पाठ दुसऱ्या कायद्यात. कायम कर्मचाऱ्यांच्या संख्येवर सरकारी मर्यादा, म्हणून कंत्राटी माणसं. ती कामात तयार होईपर्यंत निघून जायची. त्याच वर्षी मार्चमध्ये, अर्थसंकल्पाच्या तोंडावर, तेव्हाचे मंत्री अँड्र्यू गी यांना निधीसाठी राजीनाम्याची धमकी द्यावी लागली. स्वतंत्र मंत्री असूनही तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्याच हातात!

सत्तांतरानंतर मॅट किओ मंत्री झाले. ५०० जादा कर्मचारी मंजूर झाले, संख्येची मर्यादा उठली आणि २०२४च्या सुरुवातीला तो ढीग संपला. यातही एक मेख आहे. संपला म्हणजे प्रत्येक दावा एका अधिकाऱ्याच्या हाती गेला. निकाल लागला असं नव्हे. तीन कायद्यांचा एक कायदा १ जुलै २०२६ पासून लागू करायचं ठरलं, तेही रॉयल कमिशनने बोट ठेवल्यावर.

उसनं घ्यावं असं इथे दुसरंच काही आहे. पूर्णवेळ सेवेत एक दिवस जरी काढला असेल, तरी मानसिक आजारावरचे उपचार सरकारी खर्चाने मिळतात, आणि आजार सेवेमुळेच झाला हे सिद्ध करावं लागत नाही. भरपाई हवी असेल तर सिद्ध करावं लागतं, पण कशाने, हे आधीच छापलेलं असतं. डॉक्टरांचं एक स्वतंत्र मंडळ प्रत्येक आजारासाठी निकष ठरवतं: कंबरेच्या मणक्यांची झीज असेल तर किती किलोचं ओझं, एकूण किती, किती वर्षांच्या आत. युद्धकाळातल्या सेवेसाठी वेगळा, सैल निकष. शांततेतल्या सेवेसाठी कडक. पद्धत निर्दोष नाही. उचललेल्या किलोंची बेरीज मांडत बसावं लागतं आणि भरपाईतला टक्का घेऊन दावा भरून देणारे दलालही उगवलेत. पण अर्ज का फेटाळला हे अर्जदाराला ओळ दाखवून सांगता येतं.

आपल्याकडे निवृत्तीच्या वेळचं मेडिकल बोर्ड शेरा मारतं: ‘नेदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रव्हेटेड’, म्हणजे आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेने वाढलाही नाही. या एका ओळीवर अपंगत्व पेन्शन जाते. मग पहिलं अपील, दुसरं अपील, सशस्त्र दल न्यायाधिकरण. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत जडला असं धरायचं; तसं नसेल तर कारणं बोर्डाने द्यायची. तरी न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकार पुढे जातंच. जुलै २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा सुमारे ३०० याचिका एकदम फेटाळल्या. उद्या स्वतंत्र मंत्री आला आणि वरच्या कोर्टात जायचं की नाही हे ठरवणारी टिपणी पूर्वीच्याच कार्यालयातून निघाली, तर मंत्र्याच्या हाती उद्घाटनांच्या फितीच उरतील.

महाराष्ट्रात तर माजी सैनिक कल्याण हे खातं मंत्र्याच्या नावावर आहेच. घरपट्टी माफी, नोकरीतलं आरक्षण, पुण्याचं सैनिक कल्याण खातं आणि जिल्ह्याजिल्ह्यातली कार्यालयं राज्याकडे. पेन्शन, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आणि सेवेच्या नोंदी ठेवणारं लष्कराचं रेकॉर्ड ऑफिस केंद्राकडे. साताऱ्याच्या गावातली विधवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येते तेव्हा तिचं काम बहुधा केंद्राचंच असतं. नेहमीचा अडथळा म्हणजे नाव. आधारवर ‘लक्ष्मीबाई’, सेवापुस्तकात ‘लक्ष्मी’, जन्मतारीख कोरी. नवरा नोकरीत असताना पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबाच्या तपशिलाची अधिकृत नोंद, निघाली असती तर युनिटमध्येच मिटलं असतं. आता प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांच्या प्रती, जिल्हा कार्यालयाची शिफारस, मग रेकॉर्ड ऑफिस, दुरुस्त पीपीओ (पेन्शनचा आदेश), आणि त्यानंतर ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत पेन्शन सुरू. कागद रेकॉर्ड ऑफिसला गेला की जिल्ह्याच्या हातात काही राहत नाही.

राज्याच्या मंत्र्याला केंद्राचा कारभार बदलता येणार नाही, पण मोजता नक्की येईल. माजी सैनिकांच्या मेळाव्यात मंत्र्याला निवेदन द्यायचंच असेल तर त्यात एवढंच लिहावं: जिल्हा कार्यालयातून रेकॉर्ड ऑफिसला गेलेल्या दुरुस्त्यांपैकी ९० दिवसांहून जास्त काळ किती पडून आहेत, हा आकडा दर महिन्याला, जिल्हावार आणि रेकॉर्ड ऑफिसवार, जाहीर करा.