चिखलदऱ्याच्या शाळेचा एका रविवारात उद्धार कसा करावा

नागपूरकराला डोंगराची समज उपजतच असते. आपण समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर राहतो, सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो आणि वर्षातून एकदा रामटेकच्या पायऱ्या चढून माकडाला प्रसाद देऊन खाली येतो. एवढ्या अनुभवावर चिखलदऱ्यात शाळा कशी चालवावी हे सांगायला आपल्यापेक्षा लायक माणूस विदर्भात शोधून सापडणार नाही. म्हणून या चार सूचना. जपून ठेवा, श्रावणात कामी येतील.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. शाळा बघायला जायचं तर ती बंद असतानाच जावं, म्हणजे मास्तर मधे मधे बोलत नाहीत. याची अर्धी सोय सरकारनं आधीच करून ठेवली आहे. आपल्याकडे नवतपा तापतो, पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते आणि विदर्भात पार महिना संपता संपता. आता चिखलदराही विदर्भातच. त्यामुळे साडेतीन हजार फुटांवर, जिथं जूनमध्ये वारा सुटला की म्हातारी माणसं कानाला फडकं बांधतात, तिथल्या पोट्ट्यांनाही नागपूरच्या उन्हाची सुट्टी मिळते. ऊन आपण सोसायचं अन् सुट्टी त्यांनी खायची! मग शाळा उघडते ती धो धो पावसात, धुक्यात, दहा फुटांवरचं दिसत नाही अशा दिवसांत. पण नकाशात विदर्भाचा रंग एक आहे तर सुट्टीही एकच पाहिजे. डोंगराला विचारून का कोणी जीआर काढतं?

उन्हाळ्याचा मुहूर्त हुकला तर जुलै-ऑगस्टातले शनिवार-रविवार आहेतच. शनिवारी पहाटे निघा. अमरावतीत नाश्ता, परतवाड्यात चहा, की लागला घाट. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटायला आणि तुमची गाडी वर पोचायला बरोबर गाठ पडते. रस्ता अरुंद, एका अंगाला दरी, आणि प्लास्टिकच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली पोरं कडेनं रांगेत चाललेली. हॉर्न द्या. नालीत उतरून उभं राहायचं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी आणि आठवीपर्यंतची तीनच्या आत. आठवीच्या पुढचं अंतर कायदा मोजत नाही, ते पोरांनी पायानं मोजायचं असतं. उतारावर पाय मजबूत होतात, हे आपण जिममध्ये महिन्याला दीड हजार भरून ऐकलेलं आहेच.

पॉइंट भराभर उरका. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा, असं गाडीतल्या मुलांना सांगा. ऐकणार नाहीत, तरी सांगा. गाविलगडावर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं भोसल्यांचा पाडाव केला, म्हणजे आपल्याच राजाचा, तेव्हा तिथं फार वेळ थांबण्यात अर्थ नाही. पण १८२३ चा कॅप्टन रॉबिन्सन मात्र लक्षात ठेवा. त्यानं म्हणे चिखलदरा 'शोधून काढला'. गवळी होते तिथं, कोरकू आदिवासी होते, गडाला नावच गवळ्यांचं होतं. पण इतकी वर्षं राहूनही त्यांनी स्वतःला शोधलं नाही, याला कोण काय करणार? तुम्ही रॉबिन्सनच्याच गादीवर बसणार आहात. त्याला थंड हवेचं ठिकाण सापडलं, तुम्हाला शाळा सापडणार आहे.

ती रविवारी अकराच्या सुमारास सापडते. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, भिंतीवर रंगवलेला रेल्वेचा डबा (ज्या डोंगरावर रेल्वे सात जन्मांत चढायची नाही तिथं), आणि दाराला कुलूप. कुलूप दिसताच खाली उतरा आणि आधी त्याचा फोटो घ्या. मग ग्रुपवर टाका: 'शाळेला कुलूप. शिक्षक गायब. हाच का तो पुरोगामी महाराष्ट्र?' दहा मिनिटांत चाळीस अंगठे येतील. एखादा भैताड लिहीलच की अरे, आज रविवार आहे. त्याला हात जोडलेलं चित्र पाठवा आणि 'मुद्दा तो नाही' एवढंच म्हणा. आमच्या ग्रुपवर हे गेल्या श्रावणात झालं. तो भैताड मीच होतो आणि तेव्हापासून मला सहलीच्या वर्गणीचा निरोप येत नाही.

गाडी थांबली की पोरं गोळा होतातच. त्यांची परीक्षा घ्या. सतराचा पाढा विचारा. (तुम्हाला येत नसला तरी चालेल, त्यांनाही ते कळणार नाही.) पोरगं गप्प राहिलं की बायकोकडे बघून म्हणा, 'बेसिकच कच्चं आहे गं.' ते पोरगं घरी कोरकू बोलतं, या भानगडीत पडू नका. कोरकू ही मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, तिच्या बहिणी तिकडे झारखंडात, संथाली अन् मुंडारी. पाण्याला 'डा' म्हणायचं आणि जेवायला 'जोम'. असं सहा वर्षांचं पोरगं पहिलीत येतं तेव्हा पुस्तक पुण्याच्या मराठीत, मास्तर दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्याच्या मराठीत आणि खिडकीतून डोकावणारे पाहुणे 'व्हॉट इज युवर नेम' मध्ये. तरी ते हसतं, नाव सांगतं. आपला अथर्व वरणाला 'यलो सूप' म्हणाला तेव्हा आपण त्याचा व्हिडिओ मावशीला पाठवला होता, पण ती हुशारी वेगळी.

आता वाटप. यात कसूर नको. इतवारीत ठोक भावात पेन मिळतात, डझनावर डझन मोफत असलेले बघून घ्या. पोरांना उंचीप्रमाणे उभं करा, सगळ्यात बारकी पुढं. पेन देताना एक टोक तुमच्या हातात आणि दुसरं तिच्या हातात पाहिजे, आणि फोटो निघेपर्यंत आपलं टोक सोडायचं नाही. सोडलं की पोरगी पळते अन् मग फोटोत नुसता तुमचा हात राहतो, मागितल्यासारखा. पेन लिहितं का हे तिथं तपासत बसू नका. देण्यामागची भावना बघावी, शाई बघू नये.

मास्तर कुठं भेटलेच, समजा परतवाड्यातल्या चहाच्या टपरीवर, तर त्यांना चार शब्द सुनावणं तुमचं कर्तव्य आहे. मेळघाटातली नेमणूक म्हणजे सरकारी नोकरीतलं काळं पाणी असं अर्ध्या विदर्भाचं मत, तेव्हा हा माणूस काहीतरी करूनच इथं आला असणार. 'पगार किती?' हा पहिला प्रश्न. 'मग शिकवत का नाही?' हा दुसरा. तो पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, पोरांच्या आधारचे घोळ निस्तरतो, मतदार याद्या करतो, ऑनलाइन माहिती भरायला रेंज येते त्या वळणावर मोटरसायकल लावून उभा राहतो, असलं काहीबाही तो सांगू लागेल. ऐकून घेऊ नका, चहा थंड होतो. माझ्यासमोर एक मास्तर चहा पिता पिता मोबाईलवर कुठलासा फॉर्म भरत होते. तीनदा भरला, तीनदा उडाला. चौथ्यांदा त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि मला विचारलं, 'तुम्ही सकाळी वरून आलात ना? शाळेजवळच्या नाल्याला पाणी किती आहे?' मी दोन दिवस वर होतो. नाला कुठला, हे मला माहीत नव्हतं.

विकासाचा विषय निघाला तर हातचं राखू नका. गावाला आधी काय हवं? स्कायवॉक. दोन कड्यांच्या मधून काचेवरून चालायचा ४०७ मीटरचा. त्याचं काम वर्षानुवर्षं चाललं आहे आणि आपला जीव तिथं टांगला आहे. शाळेच्या वाटेवरच्या नाल्यावर रपटा नाही, ही किरकोळ बाब झाली. त्यावरून खाली बघितलं तर दिसणार काय? नालाच.

आणि पट कमी असेल तर शाळा बंद करा म्हणावं. वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची कल्पना २०२३ मध्ये सरकारनंच मांडली होती. आपला अथर्व नाही का रोज व्हॅनमध्ये कोंबून वर्धा रोडला जात? मग डोंगरातल्या पोरांनी दोन नाले ओलांडले तर बिघडलं कुठं?

त्यातही एखादं पोरगं फारच चुणचुणीत निघालं तर त्याला डोंगरावर ठेवूच नये. त्यासाठी आदिवासी विकास विभागाची योजना आहे, नामांकित इंग्रजी निवासी शाळेत त्याला खाली पाठवता येतं. तुम्ही घरी पोचून अथर्वसाठी पाचगणीचं माहितीपत्रक मागवा. इंग्रजांनी प्रकृती सुधारायला वसवलेलं गाव, शंभरावर वर्षांपासून निवासी शाळा, शुद्ध हवा, निसर्गाच्या सान्निध्यात संस्कार. दर जूनमध्ये बडनेऱ्याच्या आसपास दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात. एकीत डोंगरातलं पोरगं शहराकडे शिकायला चाललेलं असतं, दुसरीत शहरातलं डोंगराकडे. दोघांच्याही डोळ्यांत पाणी असतं. फी मात्र एकाचीच तुम्हाला माहीत असते.

दिवाळीनंतर पुन्हा चक्कर टाकलीत तर शाळा उघडी सापडेल आणि तुमची पंचाईत होईल. पटावर एकतीस, वर्गात नऊ. 'बाकीचे कुठं आहेत?' असं दरडावून विचारा. कामाला गेले, मास्तर सांगतील. आईबाप गेले की पोरंही जातात, होळीला परत येतात. होळी कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, त्याला काही झालं तरी यायचंच. 'कामाला म्हणजे कुठं?' तर बांधकामावर, वीटभट्टीवर, जिथं ठेकेदार नेईल तिथं. यावर 'या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही' असं म्हणायचं आणि रबडी खायला निघायचं. तिथली रबडी खरंच उत्तम असते, एवढं मी उपरोध बाजूला ठेवून सांगतो.

मग डिसेंबर येतो. अधिवेशनासाठी सगळी मुंबई नागपुरात उतरते, सिव्हिल लाइन्सचे रस्ते रातोरात गुळगुळीत होतात, सभागृहात मेळघाटाचं नाव निघतं. १९९३ मध्ये तिथले बालमृत्यू गाजले तेव्हापासून निघतंच आहे. तुम्ही बातम्या बघत गॅलरीत उभे असता. समोर बेसा रोडच्या प्लॉटवर 'हिल व्ह्यू रेसिडेन्सी'चा चौथा स्लॅब पडतोय. तिथून एकही हिल दिसत नाही, टेकडीचा गणपतीसुद्धा नाही. खाली रेतीच्या ढिगावर सहा-सात पोरं खेळत असतात आणि तुम्हाला गाडी तिथंच लावायची असते. खाली उतरा, टाळी वाजवून त्यांना हाकला. सगळी पळतील. एक बारकी मात्र जागची हलणार नाही, तुमच्याकडे टक लावून बघत राहील. ओळख दाखवू नका. ती मराठीत बोलेल, बऱ्यापैकी मराठीत, मास्तरांनी शिकवलेल्या.

'काका, तुमचा तो पेन चालतच नव्हता.'

गाडीत बसा. काच वर करा. एसी लावा, नागपुरात डिसेंबरातही दुपारी गरम होतं.