मगरीच्या पाकिटावरून समोरच्याचा पोपट कसा करावा

आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. एक्झॉटिक लेदरची, म्हणजे मगर, शहामृग, अजगर असल्या कातड्यांची पारख विकत घेण्यासाठी शिकायची नसते, आपण कधी घेणार आहोत, मिसळ दहा रुपयांनी महागली तर आठवडाभर त्यावर बोलतो आपण. पारख शिकायची ती दुसऱ्याने घेतलेला माल डुप्लिकेट आहे हे चारचौघांत सांगता यावं म्हणून.

समजा मेहुण्याने सिंगापूरहून मगरीचं पाकीट आणलंय आणि ते टीपॉयवर असं ठेवलंय की सगळ्यांना दिसावं. लगेच बोलायचं नाही. पाकीट उचलायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि नुसतं "हं" म्हणायचं. हा "हं" जमला की निम्मं काम झालं.

मग खवले बघा. सगळे एकसारखे, बाथरूमच्या टाइल्ससारखे, आणि थोड्या अंतराने तीच नक्षी परत आली तर गाईचं कातडं आहे, वरून ठसा मारलाय. प्रत्येक खवल्यावर टाचणी टोचल्यासारखा बारीक ठिपका असेल तर मात्र क्रोकोडाईल, जिवंतपणी त्या ठिपक्यांनी त्याला पाण्यातली हालचाल कळते. ॲलिगेटर म्हणजे मगरीचा चुलतभाऊ, त्याच्या पोटावर ठिपके नसतात, त्याला बेंबीची कोळ्याच्या जाळ्यासारखी खूण असते. तेव्हा ठिपका दिसला नाही की शांतपणे विचारायचं, "बेंबी कुठंय?" आता अख्ख्या कातड्यात बेंबी एकच, ती प्रत्येक पाकिटावर कशी येणार, पण हे मेहुण्याला कुठं माहितीये!

पाकीट वाकवून बघा, कडक लागलं, घडीवर तडे दिसले, रंग कुठे गडद कुठे फिका असला तर केमन, म्हणजे मगरीचाच आणखी एक भाऊबंद. त्याच्या पोटाच्या खवल्यांतही हाड असतं, त्यामुळे ते स्वस्त. हे "स्वस्त" जरा मोठ्याने म्हणा.

शहामृगाच्या पर्सवर पिसं उपटल्याची टेंगळं असतात, तीही पाठीच्या मधल्या पट्ट्यातच दाट. स्टिंगरे नावाच्या चपट्या माशाचं कातडं म्हणजे काचेचे मणी चिकटवल्यासारखं खरखरीत, जपानी तलवारींच्या मुठीला लावायचे ते. अजगराच्या खवल्यांची कड उलट्या दिशेने नख फिरवलं की अडकते. बास, एवढ्यावर कुठल्याही लग्नात भागतं.

माझं विचाराल तर मी कॅम्पात फुटपाथवरून "ओरिजिनल क्रोकोडाईल सर" असा बेल्ट चारशेला कमरेला लावून आलेला माणूस आहे. पहिल्याच पावसात मगर सुटली आणि आतून पुठ्ठा निघाला. घरी कोणाला सांगितलं नाही, वजन वाढलंय म्हणून बेल्ट होत नाही म्हटलं. त्यानंतर अभ्यास म्हणून कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात जाऊन मगर बघून आलो. माल शंभर टक्के ओरिजिनल, फक्त मालकीण अजून आत आहे. (बुधवारी जाऊ नका, बंद असतं.)

आता सगळं तपासून पाकीट खरंच निघालं तर? धीर सोडायचा नाही. "परमिट आहे ना?" असं विचारायचं. वन्यप्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय सायटीस करार १९७५ पासून लागू आहे, भारत १९७६ पासून त्यात आहे, आणि आपल्याकडची मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, हे सगळं सनावळीसकट, पोह्याचा घास संपवून, सावकाश सांगायचं. म्हणजे खोटं असेल तर फसला आणि खरं असेल तर अडकला.

मेहुणा गप्प पाकीट खिशात टाकतो, बायको तुमच्याकडे एकदाच बघते, आणि दुसरा चहा आपला आपण करून घ्यायचा.