खजुराचा लाडू ‘शुगर-फ्री’ कसा काय?

दिवाळी जवळ आली की हा फॉरवर्ड हमखास येतो: ‘साखर म्हणजे पांढरं विष! फराळात गूळ, खजूर, मध वापरा. असा शुगर-फ्री फराळ मधुमेहींनी बिनधास्त खावा, बाळांनाही द्यावा.’ साखर कमी करा एवढंच म्हटलं असतं तर मीही पुढे पाठवला असता. घोटाळा त्या ‘बिनधास्त’मध्ये आहे.

‘गूळ नैसर्गिक, म्हणून चालतो.’ गूळही उसाच्या रसाचाच, आणि त्यात बहुतांश सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच असते. १०० ग्रॅम साखरेत ४००च्या आसपास कॅलरी, तर गुळात ३८०च्या. लोह असतं, मान्य. पण २० ग्रॅमच्या खड्यातून मिळणार जेमतेम १ मिलिग्रॅम, आणि बाईमाणसाची रोजची गरज आहे २९ मिलिग्रॅम. लोहासाठी गूळ खायचा तर आधी साखर किती पोटात जाईल ते बघा.

‘खजुराच्या लाडवात साखर नसते.’ वरून घातलेली नसते, एवढंच. बिया काढलेल्या खजुराच्या वजनात जवळपास दोन-तृतीयांश साखर असते. मेदजूल जातीच्या एका मोठ्या खजुरात साधारण १६ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे! तंतू असतात हा खजुराचा खरा फायदा. पण नुसता खजूर चावून खाणारा दोनावर थांबतो. तोच मिक्सरमधून काढून, तुपावर परतून, काजू-बदाम घालून वळला की ‘हेल्दी आहे गं’ म्हणत तिसरा लाडू उचलला जातो. मला या लाडवांची भीती वाटते ती यासाठी.

मधाचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगितली, तीत मध आणि फळांचे रसही धरले आहेत. शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा, असा तो सल्ला. बाळांचं म्हणाल तर एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, बारशाला बोटभर चाटवायलाही नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम, म्हणजे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

‘तिखटामिठाचा फराळ तर सुरक्षितच.’ चिवड्यात पिठीसाखर कोण घालतं मग? आणि चकलीच्या भाजणीतल्या तांदळाचं पोटात शेवटी ग्लुकोजच होतं.

खरी काटकसर करायची तर बासुंदीत करा. दूध आटलं की त्यातली मूळची गोडी दाट होते. वेलची-जायफळ घातलं तर नेहमीच्या निम्मी साखरही पुरते. शिकरणाला केळं काळे ठिपके पडलेलं घ्या, साखरेचा डबा उघडायलाच नको. रव्याचे लाडू बिनपाकाचे करा; पाकाच्या लाडवात साखर कमी केली तर ते नीट वळत नाहीत.

घरातल्या मधुमेही माणसाला लाडू द्यायचाच असेल तर एक द्या, जेवणासोबत, आणि भात तेवढा कमी वाढा. खजुराचा असला तरी.