जहाजांचं ग्रीन इंधन म्हणजे ‘गोऱ्यांचं खूळ’? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, आमच्या मर्चंट नेव्हीवाल्यांच्या ग्रुपवरही आला. म्हणणं असं की जहाजं ग्रीन अमोनिया नाहीतर ग्रीन मिथेनॉलवर (म्हणजे ऊन-वाऱ्याच्या विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनपासून बनणाऱ्या इंधनांवर) चालवणं हे गोऱ्यांचं खूळ आहे, भारताने कांडला-तुतिकोरिन बंदरांत त्यात पैसा घालवू नये, कारण पाणी संपेल, अमोनिया म्हणजे तरंगतं भोपाळ, आयएमओनेच (संयुक्त राष्ट्रांची जहाज वाहतुकीची संघटना) जहाजांचं प्रदूषण कमी करायचा नियम गुंडाळलाय, भाव परवडत नाही आणि वीज शेवटी कोळशाचीच. माझं पोट इंजिन रूमवर चालतं, त्यामुळे हे नुसतं वाचून सोडून देता आलं नाही.

१. पाणी संपेल.
हिशोब करूया ना. एक किलो हायड्रोजनला साधारण १० लिटर शुद्ध पाणी लागतं, कूलिंग वगैरे सगळं धरून ३० लिटर पकडा. सरकारचं टार्गेट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं आहे, म्हणजे पूर्ण देशाचं मिळून पाच-सव्वापाच टीएमसी पाणी झालं, एकटं कोयना धरण १०५ टीएमसीचं आहे. हां, कच्छ आणि तुतिकोरिन दोन्हीकडे पाण्याची बोंब आहे हे खरंय, आणि गावांचं पाणी पळवून कोणी हायड्रोजन काढणार असेल तर मी पण विरोधातच उभा राहीन. पण समुद्र दारात आहे. हजार लिटर खारं पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज लागते आणि एक किलो हायड्रोजनला पन्नासच्या वर, म्हणजे गोड्या पाण्याचा खर्च त्यात कुठे दिसणार पण नाही. जहाजावर आम्ही रोज हेच करतो, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची (जॅकेट वॉटर) उष्णता वापरून फ्रेशवॉटर जनरेटर चालतो आणि तेच पाणी सगळे वापरतात. प्रश्न विचारायचाच तर उरलेलं जास्त खारट पाणी कुठे सोडणार हा विचारा, कारण तुतिकोरिनला लागूनच मन्नारच्या आखातातली प्रवाळं आहेत.

२. तरंगतं भोपाळ.
भोपाळला १९८४ साली मिथाइल आयसोसायनेट होता, तो प्रकार वेगळा. पण अमोनिया विषारी आहे हे शंभर टक्के मान्य, ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) जीवावर बेततं, आणि पूर्ण मेसेजमध्ये मला हा एकच मुद्दा खरा काळजीचा वाटतो. फक्त आपण त्याला पहिल्यांदा हात लावतोय असं नाही. आरसीएफ ही सरकारी खत कंपनी ट्रॉम्बे आणि थळला कित्येक दशकं अमोनिया बनवतेय, पारादीपला तो उणे ३३ डिग्रीला थंड करून जहाजांनी येतो. नवीन काय, तर आता तो कार्गो टँकमधून इंजिन रूममध्ये येणार. आज हेवी फ्युएल १३० डिग्रीच्या आसपास तापवून इंजिनला देतो, कुठे थोडं गळलं तर ड्रिप ट्रे आणि चिंध्या, काम पुढे चालू. अमोनियात हे चालणारच नाही. डबल वॉल पाइप, प्रत्येक कोपऱ्यात डिटेक्टर, वेगळं व्हेंटिलेशन, श्वासाचे सेट हाताशी, आणि ते सेट अंधारात चढवायची सवय असलेला क्रू. आयएमओने डिसेंबर २०२४ मध्ये यासाठी तात्पुरत्या गाइडलाइन्स काढल्यात, आणि जपानचा साकिगाके नावाचा टग त्याच वर्षी टोकियोच्या खाडीत अमोनियावर कामाला लागला. जगात साधारण दर दहा दर्यावर्दींमागे एक भारतीय आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पोरं त्यात ढिगाने आहेत. हे ट्रेनिंग आपल्याकडे आधी सुरू झालं तर या नोकऱ्या आपल्याकडे येतील, नाहीतर फिलिपिन्सकडे जातील.

३. आयएमओने गुंडाळलं.
गुंडाळलेलं नाही, पुढे ढकललंय. एप्रिल २०२५ मध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी आराखडा मंजूर झाला, भारताचं मत बाजूने होतं. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या दबावाखाली ५७ विरुद्ध ४९ ने निर्णय वर्षभर लांबला. पण युरोपचा फ्युएलईयू मॅरिटाइम कायदा १ जानेवारी २०२५ पासून चालू आहे ना! न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजाची निम्मी ऊर्जा त्यात मोजली जाते. इंधनाच्या दर युनिट ऊर्जेमागच्या उत्सर्जनात आत्ता कपात २ टक्के, २०३० ला ६, २०३५ ला १४.५, २०५० ला ८०. चुकलात तर दंड, मर्यादेबाहेर गेलेल्या इंधनाच्या टनामागे २,४०० युरोच्या हिशोबाने. त्यात एका जहाजाने जास्त कपात केली तर ती बाकीच्या जहाजांच्या खात्यात वापरता येते, म्हणजे कंपनीला सगळी फ्लीट बदलायची गरज नाही, एक-दोन जहाजांपुरतं इंधन मिळालं तरी बघा किती फरक पडतो.

४. परवडत नाही.
आज महागच आहे, आणि एक टन फ्युएल ऑइलच्या जागी सव्वादोन टन अमोनिया जाळावा लागतो हेही खरं. पण दिशा बघा. २०२४ मध्ये युरोपसाठीच्या लिलावात ग्रीन अमोनिया पोचवून टनाला १,००० युरो पडला. २०२५ मध्ये आपल्या सेकीच्या (सरकारी सौर ऊर्जा महामंडळ) पहिल्याच लिलावात ५५.७५ रुपये किलो भाव निघाला, म्हणजे टनाला ५६ हजारांच्याही आत. आणि तो घेणार खत कारखाने, जहाजं नाहीत. म्हणजे जहाजं उद्या आली नाहीत तरी प्लांट बंद पडत नाही, हे मेसेजवाल्याने लक्षातच घेतलेलं नाही.

५. वीज कोळशाची.
ऑगस्ट २०२३ च्या सरकारी व्याख्येनुसार एक किलो ग्रीन हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड चालत नाही. आपल्या ग्रिडच्या विजेवर तो ३५ च्या वर जातो. म्हणजे कोळशाच्या विजेवर काढलेल्या हायड्रोजनला ग्रीन म्हणताच येत नाही, विषय संपला.

टीकाच करायची तर जिथे खरी गरज आहे तिथे करा. कांडल्याचा प्लांट १ मेगावॉटचा आहे, तुतिकोरिनचा पायलट तर तासाला एक किलोही हायड्रोजन काढत नाही, आणि सिंगापूर २०२४ मध्ये साडेपाच कोटी टनांच्या आसपास बंकर (जहाजांचं इंधन) विकून बसलंय. तेलाच्या जमान्यात आपल्या किनाऱ्यासमोरून जाणारी जहाजं सिंगापूर नाहीतर यूएईतल्या फुजैराला टाक्या भरत राहिली आणि आपण क्रूडही बाहेरूनच आणत राहिलो. या इंधनाचा मुख्य कच्चा माल ऊन, वारा आणि पाणी आहे, आणि अजून कुठल्याच बंदराने हे मार्केट पूर्ण ताब्यात घेतलेलं नाही. तुतिकोरिनला ७५० घनमीटरची मिथेनॉल बंकरिंगची सोय उभी राहतेय, तिला पहिल्या दिवसापासून ठरलेलं गिऱ्हाईक पाहिजे, शिपिंग कॉर्पोरेशनने दहा वर्षांचा खरेदी करार करून ते द्यावं, आणि त्याचा भाव जाहीर करावा.