‘प्रमोशनचे सात मंत्र’ आणि न प्यायलेले पाणी

गेल्या रविवारी दुपारी दोनच्या सामन्यात माझ्या भाच्याने मध्यंतरापर्यंत पाण्याला तोंड लावले नाही. तो पुण्याच्या जिल्हा फुटबॉल साखळीत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या एका लहानशा क्लबचा बचावपटू आहे. मागच्या मोसमात या क्लबचे प्रमोशन, म्हणजे वरच्या डिव्हिजनमधली बढती, दोन गुणांनी हुकले आणि या वर्षी काहीही करून वर जायचेच, असा मुलांनी चंग बांधला आहे. मी कडेला बाटली घेऊन उभा होतो, तर त्याने लांबूनच हात हलवून ‘नको’ म्हटले. मध्यंतरात विचारले तेव्हा उत्तर आले, “मामा, ग्रुपवर वाचलं नाहीस का? पाण्यानं पोट जड होतं.”

ग्रुपवर म्हणजे आमच्या घरच्याच ग्रुपवर. ‘खालच्या डिव्हिजनमधून वर जाण्याचे सात मंत्र’ असा एक लांबलचक मजकूर दाजींनी तिथे टाकला होता. तोच क्लबच्या ग्रुपवर आधीच फिरत होता आणि समोरच्या संघाच्या मुलांनाही तो आल्याचे त्या दिवशी मैदानावर कळले. तळाशी ‘युरोपातील एका नामवंत प्रशिक्षकाचे विचार’ एवढी एकच ओळ आहे. प्रशिक्षकाला नाव नाही, गाव नाही.

मंत्र थोडक्यात असे आहेत. सलग तीन सामने हरलात की प्रशिक्षक बदला. वीस गोल मारणारा एक स्ट्रायकर आणा, बाकीचा संघ आपोआप सुधारतो. बचावाची चिंता सोडा. बाहेरच्या मैदानावर बरोबरी झाली तर ती विजयच समजा. सामन्याच्या दिवशी मध्यंतरापर्यंत पाणी वर्ज्य. रोज पहाटे पर्वती चढा (मुळात कुठली तरी टेकडी असावी, पुण्यात येता येता तिची पर्वती झाली). आणि सातवा मंत्र जिद्दीचा.

क्रमाने जायला हवे हे मान्य, पण पाचव्या मंत्राने घरातल्या मुलाला प्रत्यक्ष अपाय होऊ शकतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. घामावाटे शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी गेले की दमसास आणि एकाग्रता उतरू लागते, हे क्रीडावैद्यकातले जुने गणित आहे. ते आमच्या घरी नकळत तपासूनही झाले आहे. मागच्या उन्हाळ्यात हाच भाचा एकदा बाटली घरी विसरून सरावाला गेला. जाताना त्याने सहज म्हणून काट्यावर पाय ठेवला होता, तेव्हा वजन ५८ किलो होते. परत आल्यावर काटा ५६.८ वर थांबला. दीड तासात गेलेले ते जवळपास सव्वा किलो म्हणजे चरबी नव्हे, निव्वळ पाणी होते. त्या संध्याकाळी तो जेवला नाही, डोके धरून पडून राहिला आणि बहिणीने लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पाजल्यावर रात्री दहाला उठून बसला. दुपारच्या उन्हात हेच आणखी पुढे गेले तर प्रकरण उष्माघातापर्यंत जाते, आणि तेव्हा प्रमोशनचा विचार करायला कोणी शुद्धीवर नसते.

ज्या युरोपाच्या नावावर हा मंत्र खपवला जातो, तिथल्या खेळाडूंना कोणी कोरडे ठेवत नाही. २०१४ च्या विश्वचषकात, ब्राझीलमधील फोर्टालेझा येथे, नेदरलँड्स आणि मेक्सिको यांचा बाद फेरीचा सामना पंचांनी उकाड्यामुळे मध्येच थांबवून खेळाडूंना पाणी पाजले होते. आता तर फुटबॉलच्या नियमपुस्तिकेतच अशा थांब्यांना जागा आहे: पाण्यासाठी जास्तीत जास्त एक मिनिट आणि शरीर थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटे, अर्थात स्पर्धेच्या नियमांत तशी तरतूद असेल तर. खेळ सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी लिटरभर पाणी एका दमात रिचवले तर पोटात डुचमळते, एवढे अर्धसत्य या मंत्रात आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करतो. त्यावरचा उपाय मात्र सकाळपासून थोडे थोडे आणि खेळ थांबेल तेव्हा घोट घोट पिणे हा आहे, बाटली नाकारणे हा नव्हे.

हे सगळे प्रमोशनशी कसे जोडलेले आहे, ते मागच्या मोसमाच्या वहीत दिसते. क्लबचा हिशेब ठेवणारे कोणी नव्हते, म्हणून मीच एका दोनशे पानी वहीत प्रत्येक गोल कितव्या मिनिटाला आणि कसा झाला, हे लिहीत असे. आम्ही खाल्लेल्या तेरा गोलांपैकी पाच शेवटच्या दहा मिनिटांत झाले, आणि त्यांतल्या दोन गोलांनी हातातले दोन विजय बरोबरीत गेले. एका विजयाची बरोबरी झाली की दोन गुण जातात, म्हणजे चार गुण तिथेच गेले, आणि प्रमोशन हुकले ते दोन गुणांनी. अशा संघाला पाण्याशिवाय खेळायला सांगणे म्हणजे गळक्या हंड्याला आणखी एक भोक पाडणे आहे.

आता पहिला मंत्र, कारण क्लबच्या ग्रुपवर सर्वांत जास्त अंगठे त्यालाच मिळाले आहेत. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून हा समज चिवट आहे. डच अर्थशास्त्रज्ञ बास टेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातील नेदरलँड्सच्या अव्वल साखळीची आकडेवारी तपासली तेव्हा त्यांनी एक साधी, पण सहसा कोणी करत नाही अशी गोष्ट केली: प्रशिक्षकाला काढणाऱ्या संघांच्या शेजारी, तितकीच घसरण होऊनही प्रशिक्षकाला न काढणारे संघ ठेवले. प्रशिक्षक बदललेले संघ सावरले होते हे खरे, पण न बदललेलेही जवळपास तसेच सावरले होते. कारण सलग तीन-चार पराभव ही बहुतेक वेळा नेहमीपेक्षा खालची पातळी असते आणि संघ काही दिवसांनी आपल्या नेहमीच्या पातळीवर येतोच. सर्दी चार दिवसांनी आपोआप उतरते आणि श्रेय तिसऱ्या दिवशी लावलेल्या अंगाऱ्याला मिळते, त्यातलाच हा प्रकार आहे.

दाजींनी यावर लगेच ल्यूटनचे उदाहरण दिले, आणि ते खोटे नाही. २०२२-२३ च्या मोसमात इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला हा छोटा क्लब मध्येच प्रशिक्षक बदलून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे अव्वल श्रेणीत गेला. पण त्याने कोणाला हाकलले नव्हते. त्याचे प्रशिक्षक नेथन जोन्स स्वतःहून साउदम्प्टनला गेले होते. त्यांच्या जागी आलेले रॉब एडवर्ड्स हे त्याच श्रेणीतल्या वॉटफर्डने त्याच मोसमात, सप्टेंबरमध्येच, काढून टाकलेले प्रशिक्षक होते. वॉटफर्डने हा मंत्र तंतोतंत पाळला, एका मोसमात तीन प्रशिक्षक पाहिले आणि शेवटी अकरावा क्रमांक मिळवला; त्यांनी काढलेला माणूस शेजारच्याला घेऊन वर गेला. उलट तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत असलेल्या इप्सविच क्लबने २०२१ च्या डिसेंबरमध्ये किएरन मॅकेना यांना आणले, तो मोसम अकराव्या स्थानावर संपला तरी धीर धरला, आणि पुढच्या दोन मोसमांत लागोपाठ दोन बढत्या मिळवल्या. इंग्लंड लांब वाटत असेल तर एकेकाळी आपल्या बालेवाडीत खेळणाऱ्या पुणे एफसीचे घ्या. २००९ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल साखळीत, बढती मिळाल्यावर तिथे डेरिक परेरा यांना आणले, काही मोसम टिकवले, आणि २०१२-१३ मध्ये तो संघ देशात दुसरा आला. (तो क्लब पुढे राहिला नाही, याचे दुःख वेगळे आहे आणि त्याचे कारणही मैदानावरचे नव्हते.)

आमच्या क्लबच्या प्रशिक्षकाची बाजू घेण्यात माझा काही स्वार्थ नाही. तो सकाळी सहाला स्वतःच्या स्कूटरवर चेंडूंची जाळी बांधून येतो, मुलांवर उगाच ओरडतो आणि त्याच्या संघनिवडीशी माझे नेहमी मतभेद असतात. पण तीन सामन्यांनंतर त्याला काढले तर त्याच्या जागी सकाळी सहाला कोण येणार आहे, हे मंत्रात लिहिलेले नाही.

स्ट्रायकर आणि बचाव हे दोन मंत्र एकत्रच घेता येतात. २०२४-२५ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतून लीड्स आणि बर्नली थेट वर गेले आणि दोघांनाही ४६ सामन्यांत बरोबर १०० गुण मिळाले. लीड्सने ९५ गोल केले आणि ३० खाल्ले. बर्नलीने केले फक्त ६९, पण खाल्ले अवघे १६, आणि ३० सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू दिला नाही. गोलफरकामुळे (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) पहिला क्रमांक लीड्सचा लागला, म्हणून गोल करणाऱ्याची किंमत मी नाकारत नाही. पण बचावाची चिंता सोडून कोणी वर जातो, असे या तक्त्यात शोधूनही सापडत नाही. वीस गोल मारणारा स्ट्रायकर दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबला कोण आणून देणार, हा प्रश्न आणखी वेगळा. ज्याला ते जमते, तो मुलगा वरच्या डिव्हिजनमध्ये आधीच खेळत असतो.

बाहेरच्या मैदानाच्या मंत्रावर हसावे की रडावे, ते कळत नाही. आमच्यासारख्या क्लबांना स्वतःचे मैदान असते कुठे? दोन्ही संघ त्याच एका मैदानावर, त्याच एका झाडाखाली बॅगा टाकून कपडे बदलतात. शिवाय विजयाला तीन गुण मिळतात तेव्हा दहाच्या दहा सामने बरोबरीत सोडवणाऱ्याचे दहा गुण होतात आणि चार जिंकून सहा हरणाऱ्याचे बारा, हा हिशेब चौथीतला मुलगाही करील.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या जरूर चढाव्यात, देवदर्शनही होते. फक्त फुटबॉलमध्ये संथ चढण नसते, वीस-तीस मीटरचे धावणे, थांबणे आणि पुन्हा धावणे असते, तेव्हा तोही सराव हवा. जिद्दीबद्दल काही म्हणायचे नाही. मागच्या वर्षी ती सगळ्यांकडे होती.

सात मंत्रांत कुठेच नसलेली गोष्ट म्हणजे कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारायचा फटका) आणि फ्री-किक (समोरच्याच्या चुकीमुळे मिळणारा मोकळा फटका). वहीतल्या तेरा गोलांपैकी सहा तिथून आले आहेत. त्यांतला एक मला अजून जसाच्या तसा दिसतो: शेवटून दुसरा सामना, आपण १-० ने पुढे, त्यांचा कॉर्नर, आणि गोलच्या जवळच्या खांबाशी उभा राहायचा आमचा मुलगा एक गुडघा टेकून बुटाची नाडी बांधतो आहे. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, तेव्हा तो गाठ मारत होता. कोणी कोणत्या खांबाशी उभे राहायचे, कोणी कोणाला धरायचे, गोलरक्षक बाहेर आला तर रेषेवर कोण राहील, हे ठरवायला पैसा लागत नाही, नवा प्रशिक्षक लागत नाही, आठवड्यातली चाळीस मिनिटे लागतात. आठ-दहा मुले न चुकता आली तर तेवढ्यात पंचवीसएक कॉर्नर मारून होतात. आमच्याकडे मंगळवारच्या सरावाला कधी पाच येतात, कधी सात, आणि गोलरक्षक सी.ए.च्या क्लासमुळे महिन्यातून एकदाच उगवतो.

हे सगळे मी दाजींना लिहून पाठवले. त्यांनी ‘वाचतो’ असे उत्तर दिले आणि पाठोपाठ ‘क्रिकेटमध्ये निवड होण्याचे नऊ मंत्र’ पाठवले. भाच्याने मात्र वही मागून नेली आहे. या मंगळवारी कॉर्नरचा सराव ठरला आहे, आणि गोलरक्षकाचा क्लास सुटेपर्यंत रेषेवर उभे राहायचे काम माझ्याकडे आले आहे.