शिवणारा आणि शिकवणारा

लंडनच्या सॅव्हिल रोवरचे टेलर अँड्र्यू रामरूप यांची ओळख करून देताना लोक बहुतेक वेळा राजकन्या डायनापासून सुरुवात करतात. तिचे कपडे शिवले म्हणजे केवढा मोठा माणूस! मला त्यांचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. जन्मभर राबून हाताला आलेली विद्या त्यांनी कुलपात ठेवली नाही. २००८ मध्ये सॅव्हिल रो अकॅडमी काढली आणि ती शिकवायला घेतली. मी टेलरच्या घरात वाढले, आज स्वतः शिवणवर्ग चालवते, त्यामुळे याची किंमत काय असते हे मला ठाऊक आहे. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

रामरूप मूळचे त्रिनिदादचे. पोरवयातच शिवणकामाला लागले आणि १९७० मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी, बोटीने इंग्लंडला आले. डोक्यात एकच, सॅव्हिल रो. मेफेअरमधला हा छोटासा रस्ता म्हणजे पुरुषांच्या सुटाची पंढरी. तिथल्या एका दुकानात काम मिळालं, पुढे लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये रीतसर शिक्षण झालं. आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना कळलं की मागच्या खोलीत बसून शिवायचं काम मिळेल, पण पुढे गिऱ्हाइकासमोर उभं राहायचं काम मिळणार नाही. कारण कातडीचा रंग. दुकानामागून दुकानं नकार देत गेली. १९७४ मध्ये मॉरिस सेडवेल नावाच्या टेलरने त्यांना आपल्याकडे घेतलं. दुकान १९३८ पासूनचं. पुढे १९८८ मध्ये रामरूप त्याच दुकानाचे मालक झाले. पाटी मात्र त्यांनी सेडवेल यांच्याच नावाची ठेवली, हे मला फार आवडतं.

आता ही ‘मागची खोली’ म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे. या धंद्यात कामाची वाटणी पक्की असते. कटर पुढे असतो. तो माप घेतो, जाड तपकिरी कागदावर गिऱ्हाइकाचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, काढतो, कापड कापतो, ट्रायल घेतो. शिवणारे कारागीर तळघरात नाहीतर माडीवर. त्यातही कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा, वेस्टकोटवाला आणखी वेगळा. मागे बसलेल्याच्या हातात कापलेले तुकडे येतात. ते त्या मापाचे का कापले, उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली का घेतला, हे त्याला दिसत नाही, कारण तो माणूसच त्याने पाहिलेला नसतो. म्हणजे ज्याला पुढे येऊ दिलं नाही त्याचा नुसता अपमान झाला असं नाही. त्याची अर्धी विद्याच अडवली गेली. रामरूप यांच्या आयुष्यातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. वर्णभेद लोकांना लगेच दिसतो, पण त्या भेदाने शिकणंच कसं तोडलं जातं ते दिसत नाही.

कारण खरं शिक्षण ट्रायलमध्ये असतं. पहिल्या ट्रायलचा कोट कोटासारखा दिसतही नाही. सगळा पांढऱ्या दोऱ्याच्या लांब लांब कच्च्या टाक्यांनी जोडलेला, बाह्या तात्पुरत्या लावलेल्या, खिसे नाहीत, गुंड्या नाहीत. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं आणि आपल्याला वाटतं की तो आरशात बघतोय. कटर त्याच्या मागे उभा असतो. मानेखाली, कॉलरच्या खाली एक आडवी वळी पडलेली असते. नवशिका म्हणेल, पाठ ढगळ झाली. मुरलेला माणूस बघेल की हा गृहस्थ ताठ उभा राहतो, त्याच्या पाठीची लांबी कमी आहे. तो खडूने एक रेघ मारतो, खांद्याची शिवण टरकन उसवतो, कापड वर उचलून टाचणी लावतो, आणि ती वळी डोळ्यांदेखत नाहीशी होते. मग अख्खा कोट पुन्हा उसवायचा, तुकडे इस्त्रीखाली सपाट करायचे, फर्म्यावर दुरुस्ती करायची, कापड पुन्हा कापायचं. शिवणीत सोडलेली माया, म्हणजे जादा कापड, असते ती याचसाठी. असे दोन-तीन फेरे झाले की कोट शेवटाला जातो. एका सुटात हाताचं काम साधारण ५० तासांचं, कधी त्याहून जास्त.

आणि आत काय असतं, ते बाहेरून कळतच नाही. मी जुने कोट उसवून उसवून हे शिकले. छातीच्या कापडामागे कॅनव्हास असतो, त्यावर घोड्याच्या केसांचं विणलेलं कापड. ते कोटाला चिकटवलेलं नसतं, शिवलेलं असतं. लॅपेल, म्हणजे छातीवर बाहेर दुमडलेली कोटाची कड, जिथून वळतं तिथे शेकडो बारीक तिरके टाके असतात. ते घालताना कापड डाव्या हाताच्या बोटावर वळवून धरायचं, म्हणजे ते वळण टाक्यांतच कायमचं बसतं. टाका वरच्या कापडाचा जेमतेम एक धागा उचलतो, बाहेर दिसता कामा नये. सुई बोटाला टोचल्याशिवाय नीट बसली असं म्हणत नाहीत. रेडिमेड कोटात ही जागा बहुतेक वेळा चिकटपट्टीने भागवलेली असते. दोन-चार ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे येतात ते त्यामुळेच.

हे काम कला आहे की कारागिरी, हा वाद मला निरर्थक वाटतो. एकाच माणसाची मापं दोन कटरना द्या, दोन वेगळे कोट येतील. सॅव्हिल रोवरच्याच हंट्समनचा कोट ताठ खांद्यांचा, कमरेत घट्ट, एका गुंडीचा. अँडरसन अँड शेपर्डचा मऊ, छातीवर सैलसर पडणारा. मापं तीच, बघणारी नजर वेगळी. नजर आली की कला आली. रामरूप यांना मी कलाकार म्हणते ते याच अर्थाने.

आता आमच्याकडचं सांगते. मिरजेला आप्पांचं दुकान होतं, लग्नसराईत सूट शिवायला आसपासच्या गावांतून लोक यायचे. तिथेही रचना तीच. नवीन पोरगं आलं की आधी काज-बटण, तुरपाई, इस्त्रीचे कोळसे. मग पायजमे, मग पँट. कात्री सगळ्यात शेवटी, आणि ती बहुतेकांच्या वाट्याला आलीच नाही. मला मुलगी म्हणून ब्लाउज आणि फ्रॉक शिकायला मोकळीक होती, कोटाच्या टेबलाजवळ नाही. बाईमाणसाने परक्या पुरुषाच्या छातीला टेप लावायची, हे कुणाच्या मनात येणंच शक्य नव्हतं. यात नुसता दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. कापड गिऱ्हाइकाचं. महागाचं सुटिंग एक इंच चुकीचं कापलं गेलं तर भरपाई दुकानाची, आणि त्या काळात ती महिन्याच्या कमाईएवढी. शिवाय शिकलेला पोरगा उद्या समोरच्या गाळ्यात दुकान टाकेल ही भीती. ती भीती खरी होती, कारण मालकही तसंच दुकान टाकून मालक झालेला असायचा. पण परिणाम काय झाला? मास्टर गेले की त्यांच्याबरोबर कटिंगही गेलं. मिरजेच्या आमच्या त्या रस्त्यावर आज हाताने कोट शिवणारा एकही माणूस उरलेला नाही.

म्हणून रामरूप यांची अकॅडमी मला एवढी मोठी वाटते. सॅव्हिल रोवर शिकण्याचा जुना मार्ग उमेदवारीचा. वर्षानुवर्षं एखाद्या मास्टरच्या हाताखाली बसायचं. मार्ग उत्तम आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. कटर एडवर्ड सेक्स्टन त्याच मार्गाने घडले. १९६९ च्या व्हॅलेंटाइन डेला टॉमी नटर यांनी सॅव्हिल रोवर दुकान उघडलं तेव्हा पाटीवर नाव नटर यांचं होतं, रुंद लॅपेलच्या त्या गाजलेल्या सुटांमागची कात्री सेक्स्टन यांची. विद्यार्थिनी असताना फॅशन डिझायनर स्टेला मॅकार्टनी शिकायला आली ती याच सेक्स्टन यांच्याकडे. २०२३ मध्ये ते गेले, तोवर त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आपापल्या जागी उभी होती. म्हणजे शिकवणारे होते. पण उमेदवारीत सगळी मदार दार उघडणाऱ्यावर असते. मास्टरला तुमचा चेहरा, तुमचा रंग, तुमचं बाईपण पटलं तर तुम्ही आत. सॅव्हिल रोवर मोठ्या दुकानाची पहिली बाई हेड कटर व्हायला २००९ साल उजाडलं. गीव्ह्ज अँड हॉक्समध्ये कॅथरिन सार्जंट. तिने त्याच रस्त्यावर स्वतःच्या नावाचं दुकान थाटलं ते २०१६ मध्ये. शेकडो वर्षांच्या रस्त्यावर!

शाळेला अभ्यासक्रम असतो. या महिन्यात काय शिकवायचं ते ठरलेलं असतं, आणि पैसे भरलेल्या मुलाला तुम्ही वर्षभर काज-बटणावर बसवून ठेवू शकत नाही. कटिंग शिकवावंच लागतं. रामरूप यांनी हे दार स्वतःच्या अनुभवातून उघडलं असं मी मानते. ज्याला पुढे उभं राहू दिलं नव्हतं त्यानेच पुढचं काम शिकवायला घेतलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की फी भरून शिकणं म्हणजे दाराला नवीन कुलूप, आता पैशाचं. आक्षेपात तथ्य आहे. पण पैशाच्या कुलपाला शिष्यवृत्तीची किल्ली लागते, सरकार लावू शकतं, समाज लावू शकतो. ‘तुझा चेहरा आमच्या गिऱ्हाइकांना चालणार नाही’ या कुलपाला बाहेरून कुठली किल्ली लावणार?

आपल्याकडे शिंपीकामाला परंपरेचा मान कमी नाही, संत नामदेव शिंप्याच्या घरचे. आयटीआयमध्ये शिवणकामाचे ट्रेड आहेत, गावोगावी वर्ग आहेत, शहरांत फॅशन डिझाइनची कॉलेजं आहेत. पण माझ्याकडे डिझाइनची पदविका घेऊन आलेल्या मुली सुंदर स्केच काढतात आणि मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई कुठे खोल घ्यायची हे विचारलं की थांबतात. चूक त्यांची नाही. त्यांना कुणी ट्रायल दाखवलेलीच नाही. आणि ज्यांना ते येतं ते साठी-सत्तरीचे मास्टर बाजारात ऑल्टरेशनची पाटी लावून बसलेत, जीन्स आखूड करून देतायत. या दोघांना एका खोलीत आणायला काय लागतं? मास्टरला ‘शिक्षक’ म्हणून बोलवायचं, तासाचं मानधन शिक्षकाच्या दराने द्यायचं, आणि त्याच्याकडे बीएड नाही म्हणून त्याला दाराबाहेर ठेवायचं नाही. रामरूप पुढे विद्यापीठ पातळीवर प्राध्यापक म्हणून मानले गेले ते हाताच्या जोरावर. इथल्या मास्टरला हा मान द्यायला आपल्याला कोण अडवतंय?

मी माझ्या वर्गात सुरुवात करतेय. दिवाळीनंतर कोटाची बॅच असेल, मुली आणि मुलगे दोघांसाठी, आणि पहिल्या दिवसापासून कात्री शिकणाऱ्याच्या हातात. ट्रायल खऱ्या माणसावर, सगळ्यांसमोर होईल. चुकून कापलेल्या कापडाचा खर्च वर्ग उचलेल. मला दोन मास्टर हवेत ज्यांनी हाताने कॅनव्हास घालून कोट शिवलेत. सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी, कुठलेही चालतील. नजर थोडी अधू झाली असेल तरी चालेल, सुई ओवून द्यायला मुलं आहेत. तुमच्या ओळखीत कुणी असतील तर त्यांना आधी विचारा आणि मग मला मेसेज करा. मी स्वतः भेटायला येईन.